पिट्सबर्गमधील दोन विद्या: कार्नेगी मेलन विद्यापीठातील कृत्रिम बुद्धिमत्ता आणि सायबर सुरक्षा

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि सायबर सुरक्षा या दोन विषयांची जडणघडण एकाच आवारात पाहायची असेल, तर पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाइतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. पहिला विषय तेथे १९५० च्या दशकात व्यवस्थापन शिकवणाऱ्या एका विभागात जन्मला. दुसरा १९८८ च्या एका संकटानंतर नावारूपाला आला. बराच काळ दोन्ही आपापल्या वाटेने वाढले आणि २००० नंतर त्यांची अशी गाठ पडली की आता एकाचे संशोधन दुसऱ्याशिवाय पुढे जात नाही.

पोलाद उद्योगातून अमाप संपत्ती मिळवलेल्या अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०० साली या पोलादाच्या शहरात तांत्रिक शिक्षणाची शाळा काढली. १९१२ मध्ये ती कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी झाली आणि १९६७ मध्ये मेलन इन्स्टिट्यूटशी एकत्र येऊन तिचे आजचे विद्यापीठ झाले. १९४९ मध्ये तेथे औद्योगिक प्रशासनाचा पदव्युत्तर विभाग सुरू झाला आणि त्याच वर्षी हर्बर्ट सायमन तेथे प्राध्यापक म्हणून आले. पुढच्या इतिहासाचे मूळ या नेमणुकीत आहे.

कार्डांवरचा प्रोग्रॅम

सायमन मुळात राज्यशास्त्र आणि प्रशासन यांचे अभ्यासक होते. कार्यालयात बसलेला माणूस प्रत्यक्षात निर्णय कसा घेतो, हा त्यांचा प्रश्न. माणसाची स्मरणशक्ती, वेळ आणि लक्ष तुटपुंजे असते. त्यामुळे तो सर्व पर्याय तोलून सर्वोत्तम पर्याय निवडत बसत नाही, कामापुरता बरा पर्याय सापडला की थांबतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. याच विचारासाठी त्यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९५२ मध्ये कॅलिफोर्नियातील रँड कॉर्पोरेशनमध्ये त्यांची ॲलन न्यूएल यांच्याशी ओळख झाली. न्यूएल १९५५ मध्ये पिट्सबर्गला आले. रँडमधील क्लिफ शॉ यांना सोबत घेऊन दोघांनी ‘लॉजिक थिअरिस्ट’ हा तर्कशास्त्रातील प्रमेये सिद्ध करणारा प्रोग्रॅम रचला. १९५५ च्या डिसेंबरात त्याचा आराखडा तयार झाला, पण तो चालवायला यंत्र हाताशी नव्हते. मग जानेवारी १९५६ मध्ये हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी सायमन यांनी पत्नी, तीन मुले आणि काही पदव्युत्तर विद्यार्थी यांना विभागाच्या इमारतीत जमवले. प्रत्येकाच्या हाती एकेक कार्ड दिले. त्या कार्डावर प्रोग्रॅमच्या एका भागाचे काम लिहिलेले होते. आपली पाळी आली की ज्याने त्याने कार्डावरच्या सूचनेप्रमाणे वागायचे, एवढाच नियम. अशा रीतीने माणसांनीच प्रोग्रॅम चालवून पाहिला. पुढे ऑगस्ट १९५६ मध्ये रँडच्या जॉनिॲक संगणकावर त्याने पहिली पूर्ण सिद्धता दिली. रसेल आणि व्हाइटहेड यांच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’च्या दुसऱ्या प्रकरणातील पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ प्रमेये या प्रोग्रॅमने सिद्ध केली.

त्याच वर्षी विभागाच्या तळघरात आयबीएम ६५० हा संगणक बसला. फिरत्या चुंबकीय ड्रमवर अवघ्या २,००० संख्या साठवणारे ते यंत्र होते. त्याची व्यवस्था पाहण्यासाठी परड्यू विद्यापीठातून ॲलन पर्लिस आले. संगणक हे केवळ गणिती विभागाचे साधन नसून प्रत्येक विद्यार्थ्याने शिकण्याचा विषय आहे, अशी पर्लिस यांची धारणा होती. १९५८ पासून त्यांनी पदवीच्या पहिल्या वर्षालाच प्रोग्रॅमिंग शिकवायला सुरुवात केली. १९६६ मध्ये संगणकक्षेत्रातील ट्युरिंग पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिले मानकरी पर्लिसच ठरले. न्यूएल आणि सायमन यांना तो १९७५ मध्ये मिळाला.

१९६५ मध्ये स्वतंत्र संगणकशास्त्र विभाग स्थापन झाला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संस्थेकडून त्याला भरघोस निधी मिळत होता. १९६९ मध्ये आंध्रातील कटूर गावचे, मद्रासच्या गिंडी महाविद्यालयात शिकलेले आणि स्टॅनफर्डला जॉन मॅकार्थी यांच्या हाताखाली पीएचडी केलेले राज रेड्डी येथे आले. बोललेले समजणारे यंत्र हा त्यांचा विषय होता. त्यांच्या गटातील ‘हार्पी’ ही प्रणाली १९७६ मध्ये १,०११ शब्दांची भाषा ओळखू लागली. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या रोबोटिक्स इन्स्टिट्यूटचे रेड्डी पहिले संचालक झाले. १९९४ मध्ये त्यांनाही ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

संरक्षणाचे पहिले धडे

सुरक्षेचा विचार या आवारात १९८८ च्या आधीही होत होता, फक्त त्याला वेगळे नाव नव्हते. १९७० च्या दशकात विल्यम वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १६ पीडीपी-११ संगणक जोडून सी.एमएमपी नावाचे यंत्र बांधले आणि त्यासाठी ‘हायड्रा’ ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. हायड्रात कोणत्याही प्रोग्रॅमला एखाद्या वस्तूला हात लावायचा असेल, तर त्याच्याजवळ तिचा परवाना असावा लागे. परवान्यात कोणत्या कृती करता येतील हेही नोंदलेले असे. परवाना तपासण्याची यंत्रणा आणि तो कोणाला द्यायचा याचे धोरण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, हे तत्त्व हायड्रातून संगणकशास्त्रात रुजले. याच प्रकल्पाच्या काळात, १९७३ मध्ये, अनिता जोन्स यांनी प्रोग्रॅममधील संरक्षण या विषयावर येथे पीएचडी मिळवली.

दुसरा धडा जाळ्यातून मिळाला. १९८२ मध्ये आयबीएमच्या सहकार्याने ‘अँड्र्यू’ प्रकल्प सुरू झाला. हजारो संगणक एका जाळ्यात जोडायचे आणि विद्यार्थ्याला आवारातल्या कोणत्याही यंत्रावरून आपल्या फायली मिळाव्यात, असे त्याचे उद्दिष्ट होते. मद्रास आयआयटीत शिकलेले एम. सत्यनारायणन या प्रकल्पातील फाइल व्यवस्थेचे एक प्रमुख रचनाकार होते. वसतिगृहातल्या खोलीतील यंत्र कोण उघडेल, त्यात काय बदल करील, याचा भरवसा नाही, हे त्यांनी गृहीतच धरले. विश्वास फक्त कुलूपबंद खोलीतील मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवायचा आणि बाकी प्रत्येक यंत्राने आपली ओळख सांकेतिक पद्धतीने पटवायची, अशी ती रचना होती.

नोव्हेंबर १९८८

२ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या पदव्युत्तर विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रती काढत पसरणारा एक प्रोग्रॅम एमआयटीतील यंत्रावरून इंटरनेटवर सोडला. त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक आजही वर्गात शिकवली जाते. ‘फिंगर’ ही सेवा पुरवणारा प्रोग्रॅम आलेला मजकूर ५१२ बाइटांच्या जागेत ठेवत असे, पण मजकूर किती लांब आहे हे पाहत नसे. मॉरिसचा प्रोग्रॅम त्याला ५३६ बाइट पाठवी. जास्तीचे २४ बाइट शेजारच्या स्मृतीवर सांडत आणि यंत्राने पुढे कोणती आज्ञा पाळायची, याचा पत्ताच बदलून टाकत. शिवाय हा प्रोग्रॅम सोपे पासवर्ड ओळखून काढी. एकाच यंत्रात तो पुनःपुन्हा शिरत राहिल्यामुळे यंत्रे मंदावली आणि बंद पडली. त्या वेळी जाळ्यात असलेल्या सुमारे ६०,००० संगणकांपैकी ६,००० बाधित झाल्याचा अंदाज तेव्हा वर्तवला गेला. मॉरिसला १९९० मध्ये शिक्षा झाली. पुढे तो एमआयटीतच प्राध्यापक झाला.

या घटनेने एक उणीव उघडी पडली. वेगवेगळ्या विद्यापीठांतील जाणकार उपाय शोधत होते, पण ते एकमेकांना कळवण्याची विश्वासार्ह सोय नव्हती. संरक्षण खात्याने १९८४ मध्ये कार्नेगी मेलनमध्ये सॉफ्टवेअर अभियांत्रिकीची एक संस्था स्थापन केली होती. तिच्याकडेच हे काम सोपवण्यात आले आणि नोव्हेंबर १९८८ मध्येच संगणकावरील आणीबाणीसाठी ‘सर्ट’ हे समन्वय केंद्र उभे राहिले. अहोरात्र चालू राहणारा दूरध्वनी, आलेल्या तक्रारींची नोंद, दोष असलेल्या कंपनीला आधी खासगीत कळवणे आणि नंतर सर्वांसाठी इशारा प्रसिद्ध करणे, असे त्याचे काम होते. २००० पासून केंद्राने कंपन्यांना दोष दुरुस्त करण्यासाठी साधारण ४५ दिवसांची मुदत ठरवली. मुदत संपल्यावर दोष जाहीर करायचा, असा नियम झाला. दोष दडवून ठेवणारे उत्पादक आणि तो लगेच चव्हाट्यावर मांडणारे संशोधक यांच्यातला हा मध्यममार्ग होता.

केंद्राकडील नोंदींवरून इंटरनेटची वाढ आणि हल्ल्यांची वाढ दोन्ही दिसतात. १९८८ मध्ये ६ घटना नोंदल्या गेल्या, १९८९ मध्ये १३२, १९९५ मध्ये २,४१२, २००० मध्ये २१,७५६ आणि २००३ मध्ये १,३७,५२९. त्यानंतर केंद्राने ही मोजणी प्रसिद्ध करणेच थांबवले. हल्ले यंत्रेच करू लागल्यामुळे संख्येला अर्थ उरला नव्हता. ‘सर्ट’चा नमुना इतर देशांनीही उचलला. भारतात जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेले ‘सर्ट-इन’ त्याच धर्तीचे आहे.

यंत्राला न सुटणारे कोडे

दोन्ही विषयांची खरी गाठ २००० मध्ये पडली. याहू कंपनीपुढे एक पेच होता: फुकट ईमेल खाती स्वयंचलित प्रोग्रॅम हजारोंनी उघडत आणि त्यांतून नको असलेली पत्रे पाठवत. बर्कलीहून आलेले, गणनेच्या जटिलतेच्या सिद्धांताची पायाभरणी आणि सांकेतिक लिपीतील त्याचा उपयोग यांसाठी १९९५ चा ट्युरिंग पुरस्कार मिळवलेले मॅन्युएल ब्लम आणि त्यांचा ग्वाटेमालाहून आलेला विद्यार्थी लुईस फॉन आन यांनी निकोलस हॉपर आणि जॉन लँगफर्ड यांच्यासह त्यावर ‘कॅप्चा’ हा तोडगा काढला. वेडीवाकडी केलेली अक्षरे माणूस वाचतो, यंत्राला ती वाचता येत नाहीत. ती वाचून दाखवणाऱ्यालाच खाते उघडू द्यायचे.

२००३ मध्ये सांकेतिक लिपीशास्त्राच्या युरोक्रिप्ट परिषदेत त्यांनी यामागचे तत्त्व मांडले. सांकेतिक लिपीची सुरक्षा मोठ्या संख्येचे अवयव पाडण्यासारख्या अवघड गणितावर उभी असते. त्याच धर्तीवर कृत्रिम बुद्धिमत्तेतील न सुटलेल्या प्रश्नावर सुरक्षा उभारता येते. कोडे टिकले तर सुरक्षा मिळाली आणि कोणी ते सोडवले तर कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक पाऊल पुढे पडले. त्याच वर्षी बर्कलीच्या ग्रेग मोरी आणि जितेंद्र मलिक यांनी या कोड्याचा सोपा प्रकार ९२ टक्के वेळा सोडवून दाखवला. २००७ मध्ये फॉन आन यांनी ‘रीकॅप्चा’ काढले आणि जुन्या पुस्तकांतील, संगणकाला न वाचता आलेले शब्द लोकांकडून वाचून घेतले. २००९ मध्ये गूगलने ते विकत घेतले. पुढे यंत्रे अशी अक्षरे माणसाइतकीच सहज वाचू लागली आणि या पद्धतीचा आधारच गेला.

माणूस पुन्हा केंद्रस्थानी

२००३ मध्ये विद्यापीठातील विखुरलेले सुरक्षासंशोधन ‘सायलॅब’ या छत्राखाली आले. त्याचे संस्थापक-संचालक प्रदीप खोसला यांचा जन्म मुंबईचा आणि शिक्षण खरगपूर आयआयटीचे. अभियंते, संगणकशास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ आणि धोरणाचे अभ्यासक येथे एकत्र काम करू लागले.

याच काळात लॉरी क्रेनर यांनी सुरक्षा वापरणाऱ्या माणसाचा अभ्यास सुरू केला. दर तीन महिन्यांनी बदलावा लागणारा, मोठी अक्षरे, आकडे आणि चिन्हे असलेला पासवर्ड माणसाच्या लक्षात राहत नाही. मग तो जुन्याच पासवर्डच्या शेवटी एक आकडा वाढवतो. नियम पाळला जातो, सुरक्षा मात्र वाढत नाही. सायमन यांनी निर्णय घेणाऱ्या माणसाबद्दल जे सांगितले होते, तेच येथे पासवर्डच्या बाबतीत सिद्ध झाले: मर्यादित स्मरणशक्तीचा माणूस कामापुरते भागवतो. क्रेनर यांच्या गटाने हजारो स्वयंसेवकांकडून वेगवेगळ्या नियमांनी पासवर्ड बनवून घेतले आणि कोणता किती प्रयत्नांत फुटतो हे मोजले. २०१६ मध्ये याच आवारातील संशोधकांनी न्यूरल नेटवर्कला पासवर्ड ओळखायला शिकवले. काहीशे किलोबाइटांत मावेल इतके लहान केलेले हे नेटवर्क ब्राउझरमध्येच चालते आणि आपला पासवर्ड किती कच्चा आहे हे टाइप करतानाच सांगते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याची सक्ती करू नये असे सुचवले. अशा संशोधनाचे हे फलित होते.

माहितीच्या गोपनीयतेवरही येथे मूलभूत काम झाले. लटान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवले की पोस्टाचा पाच अंकी क्रमांक, जन्मतारीख आणि लिंग या तीनच गोष्टी कळल्या तरी अमेरिकेतील ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखू येण्याचा संभव आहे. त्याआधी एमआयटीत शिकत असताना त्यांनी ‘निनावी’ म्हणून दिलेल्या वैद्यकीय नोंदींतून मॅसॅच्युसेट्सच्या राज्यपालांची नोंद शोधून काढली होती. त्यासाठी त्यांनी २० डॉलरला मतदारयादी विकत घेतली होती. नाव पुसले म्हणजे माणूस लपला, ही समजूत या कामाने कायमची मोडीत काढली.

संशोधनाची ही ताकद वादातही सापडली. २०१४ मध्ये ‘टॉर’ या निनावी जाळ्यातील वापरकर्ते उघडे पाडण्याचे तंत्र विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर संस्थेत शोधले गेले होते आणि त्यातून मिळालेली माहिती समन्सद्वारे पोलीस यंत्रणेकडे गेली, हे २०१६ मध्ये एका न्यायालयीन आदेशातून पुढे आले. विद्यापीठातील सुरक्षासंशोधनाची सीमा कोठे असावी, हा प्रश्न त्यातून जगभर चर्चेला आला.

यंत्राविरुद्ध यंत्र

प्रोग्रॅममधील दोष यंत्रानेच शोधावेत, हा डेव्हिड ब्रमली आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा विषय होता. प्रोग्रॅमच्या प्रत्येक वाटेचे गणिती समीकरण मांडायचे आणि ते सोडवून कोणत्या इनपुटने प्रोग्रॅम कोसळेल हे काढायचे, अशी ही पद्धत. या संशोधनातून उभी राहिलेली ‘मेहेम’ ही प्रणाली ४ ऑगस्ट २०१६ रोजी लास व्हेगासमध्ये सात स्वयंचलित प्रणालींच्या स्पर्धेत उतरली. तेथे माणसाच्या मदतीशिवाय दोष शोधायचे, आपले दोष बुजवायचे आणि प्रतिस्पर्ध्यांच्या दोषांवर हल्ला करायचा होता. मेहेमने २० लाख डॉलरचे पहिले बक्षीस जिंकले. लगेच त्याच शहरात झालेल्या डेफकॉन स्पर्धेत तिला माणसांच्या संघांशी सामना करावा लागला. तेथे ती शेवटची आली आणि पहिला आला कार्नेगी मेलनच्याच विद्यार्थ्यांचा संघ. २०१६ मध्ये यंत्र कोठवर पोहोचले होते, याचे हे नेमके मोजमाप होते.

त्याच वर्षी प्रश्नाची दुसरी बाजूही समोर आली. लुयो बावर आणि सहकाऱ्यांनी चष्म्याच्या फ्रेमवर खास रंगाकृती छापल्या. ती फ्रेम घातलेल्या एका पुरुष संशोधकाला चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीने अभिनेत्री मिला जोवोविच समजले. माणसाला तो नुसता रंगीबेरंगी चष्मा दिसे. शिकलेल्या यंत्राची चूक ही प्रोग्रॅमरच्या चुकीपेक्षा वेगळ्या जातीची असते. तिथे चुकलेली ओळ दाखवता येत नाही, कारण दोष उदाहरणांतून साठलेल्या लाखो आकड्यांत पसरलेला असतो.

२०२३ मध्ये झिको कोल्टर, मॅट फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी हेच भाषिक प्रणालींबाबत दाखवले. नकार द्यायला शिकवलेल्या प्रणालीला प्रश्न विचारताना शेवटी वरकरणी निरर्थक अक्षरांची एक साखळी जोडली की ती नको ते उत्तर देते. अशा साखळ्या खुल्या प्रणालींवर आपोआप शोधता येतात आणि बंद व्यापारी प्रणालींवरही लागू पडतात. प्रसिद्धीपूर्वी संशोधकांनी संबंधित कंपन्यांना याची कल्पना दिली होती. ‘सर्ट’ने घालून दिलेली ही शिस्त आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनात आली होती.

अध्यापनाची रीत

अध्यापनातही हा मेळ दिसतो. १९८८ मध्ये संगणकशास्त्राची स्वतंत्र विद्याशाखा झाली. १९८९ मध्ये सुरू झालेल्या माहितीजाळे संस्थेने पुढे माहिती सुरक्षेची पदव्युत्तर पदवी दिली. २००६ मध्ये टॉम मिशेल यांच्या पुढाकाराने यंत्र-अध्ययनाचा स्वतंत्र विभाग निघाला. असा विभाग जगात पहिलाच होता. २०१८ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेतील पदवी सुरू झाली, जी अमेरिकेतील पहिली. शाळकरी मुलांसाठी २०१३ पासून ‘पिकोसीटीएफ’ ही सुरक्षेची मोफत स्पर्धा घेतली जाते. त्यात मुले सोप्या कोड्यांपासून सुरुवात करून स्मृती सांडण्याचा तोच १९८८ मधील दोष स्वतः शोधायला शिकतात. सामान्य वापरकर्त्यांसाठी २००७ मध्ये फिल नावाच्या माशाचा खेळ तयार झाला. खाण्याजोगा किडा कोणता आणि गळाला लावलेला कोणता हे ओळखत मासा पोहतो आणि खेळणारा फसव्या वेबपत्त्यांची खूण शिकतो.

या साऱ्या घडामोडींत एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. आज जे यंत्राला जमत नाही त्यावर सुरक्षा उभी राहते, उद्या ते यंत्राला जमते आणि सुरक्षा नव्याने रचावी लागते. वाचता न येणारी अक्षरे गेली, पासवर्ड ओळखणारे नेटवर्क आले, आणि आता खुद्द शिकलेले यंत्रच फसवता येते. हा क्रम ओळखायचा तर दोन्ही विषयांचे प्राध्यापक एकमेकांच्या वर्गात बसलेले असावे लागतात आणि दोघांनाही माणसाच्या मर्यादांचा अभ्यास असावा लागतो. कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायची आणि सुरक्षा मात्र वैकल्पिक विषय म्हणून शेवटच्या सत्रावर ढकलायची, असे शिक्षण अपुरे आहे, हाच कार्नेगी मेलनच्या सत्तर वर्षांच्या अनुभवाचा निष्कर्ष आहे.